वहिनींचं मन मोठं

दारू सोडणाऱ्यांची मीटिंग शोधली मी. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता जो तो म्हणतो की माझा नवरा आपला आपण सुधारला.

तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा पिऊन आलास तर घरी बस. मग माझी पायपीट सुरू झाली. कुठूनसा नंबर मिळाला, तो बंद. पत्ता मिळाला, तर तिथे मीटिंग जाऊन व्यायामशाळा आलेली. दवाखान्यात विचारलं, तर चौकशीच्या खिडकीवर विचारा म्हणाले, आणि खिडकीला कुलूप. शेवटी डोकं फिरलं आणि सरळ दारूच्या दुकानात शिरले. म्हटलं, तुमच्याकडची माणसं प्यायची थांबली की जातात कुठे? दुकानदार जराही बिचकला नाही. म्हणाला, "मागच्या गल्लीतली शाळा, वरचा मजला, शनिवारी संध्याकाळी. माझी सगळी जुनी गिऱ्हाइकं तिथेच असतात."

पहिल्या शनिवारी नवऱ्याला दंडाला धरून नेलं. वर्गात लहान मुलांची बाकं, त्यावर हे बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. घरच्यांना आत घेत नाहीत, म्हणून मी जिन्यावर बसायची. आतून हसणं ऐकू यायचं, मग सगळं चिडीचूप, मग टाळ्या. घरी ज्याच्या तोंडून हो-नाहीच्या पुढे शब्द फुटत नाही, तो आत म्हणे घडाघडा बोलतो. गटातले सगळ्यात जुने मास्तर मला कौतुकाने सांगायचे, "वहिनी, हा बोलायला लागला की आमच्या डोळ्यांत पाणी येतं." मी म्हणायची, बरं. मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं. तेवढं सोडून तो जगाशी बोलत होता.

माझा डावा कान गेलाय. त्यानेच पिऊन मारलं, तेव्हा गेला. मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालते. तिथे मशिनं धडधडत असतात, त्या आवाजात डावीकडचं मला काही म्हणजे काही कळत नाही. तिथल्या बायांना हे चार दिवसांत समजलं. काही सांगायचं असलं की आपण होऊन उजवीकडे येतात. नवरा मात्र कायम डावीकडून चालतो. त्याचं पिणं सुटलं, पगार घरात यायला लागला, सगळं खरं. पण "माझं चुकलं" एवढं काही तो म्हणेना. दर शनिवारी जिना उतरताना मला वाटायचं, आज म्हणेल. वेडीच मी.

वर्ष झालं तेव्हा खुली मीटिंग ठेवली. त्या दिवशी घरच्यांना आत बोलवतात आणि वर्षभर न प्यायल्याचा बिल्ला घरच्याच माणसाने हातात द्यायचा, अशी तिथली रीत. मास्तरांनी बिल्ला माझ्याकडे दिला आणि मला पहिल्या बाकावर बसवलं. नवरा उठला. अंगात मी इस्त्री केलेला शर्ट होता.

"मी हिला मारलंय," तो म्हणाला. "हिचा डावा कान माझ्यामुळे गेला."

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं घरात ज्याचं नाव निघालं नव्हतं, ते तो चारचौघांत बोलला.

"मग एक दिवस मी हिची माफी मागितली. हिने एका शब्दाने मला टोचलं नाही. माफ करून टाकलं."

मी बघतच राहिले. कधी मागितली? कुठे? टाळ्या सुरू झाल्या. शेजारच्या बाईने माझा हात दाबला आणि म्हणाली, "मन मोठं हो तुमचं." मास्तर म्हणाले, "वहिनी, दोन शब्द बोला."

जिभेवर आलं होतं की हा धडधडीत खोटं बोलतोय. पण त्याने बिल्ल्यासाठी हात पुढे केला होता. मी इथे तोंड उघडलं तर हा जिना उतरून थेट त्या दुकानात जाईल, आणि मग नोकरी गेली, घर गेलं.

"हो," म्हटलं. "केलं माफ." आणि बिल्ला त्याच्या हातावर ठेवला.

खाली शाळेच्या पटांगणात कोणी नव्हतं. तिथे त्याला थांबवलं.

"कधी मागितलीत हो माफी?"

"अगं, मागेच. तू भांडी घासत होतीस, तेव्हा. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, सोडून दिलंस."

"नळ चालू होता?"

"असेल."

"आणि तुम्ही कुठे उभे होतात?"

तो जवळ आला. मग माझ्या डाव्या खांद्याला हात लावून म्हणाला, "इथे."

डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, हे आत्ताच तो वर सगळ्यांना सांगून आला होता.

मी वळले आणि उजवा कान त्याच्या पुढे केला. "आता इकडून म्हणा."

तो बिल्ला बोटांत फिरवत राहिला. मी थांबले होते. खरंच सांगते, त्याने नुसतं पुटपुटलं असतं तरी मला चाललं असतं.

"आता परत काय?" तो म्हणाला. "सगळ्यांसमोर म्हटलंच की. तूही हो म्हणालीस."

बिल्ला खिशात टाकून तो माझ्या मागून फिरला, डावीकडे आला आणि चालायला लागला. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. तो काहीतरी बोलत होता, ओठ हलताना दिसत होते. काय म्हणालात, असं मी विचारलं नाही.