उलट्याचं उलटं

मेंदूत रक्त गोठून काकू दवाखान्यात पडली, आणि घरी आली ती निम्मे शब्द तिथेच सांडून. फोटो धुवायच्या डेव्हलपरला ती ‘ते काळं करणारं पाणी’ म्हणू लागली.

“मलासुद्धा ‘अहो, हे’ अशी हाक मारते,” काका म्हणाले, “पण ते आजारामुळे नाही, लग्नापासूनचंच आहे.”

फोटो स्टुडिओ काकूचा. काकांचं काम गिऱ्हाइकांना हसवण्याचं. त्या दुपारी तिने मला, पुतण्याला, समोर बसवलं.

“फोटो मोठे करायचं यंत्र न्यायला संध्याकाळी माणूस येतोय. माझी अक्कल गेली असेल तर लोकांचे चेहरे मी बिघडवायचे नाहीत. एक अवघड कोडं घाल. सुटलं तर यंत्र राहील, नाही तर जाईल.”

यंत्र जाऊ नये असं मला वाटत होतं. पण काकूपुढे लबाडी करून सोपं कोडं घालायची माझी छाती नव्हती.

“वाटेला दोन फाटे. एक गावाला जातो, एक जंगलात. तिथे दोघे भाऊ बसलेत. एक सदा खरं बोलतो, दुसरा सदा खोटं. कुठली वाट कुठे जाते आणि कोण खरा, माहीत नाही. तुला गावाला जायचंय. एकालाच, एकच प्रश्न. काय विचारशील?”

“मी विचारीन, जेवण कुठे मिळेल?” काका.

“तुम्ही गप्प बसा, त्या खोट्याचे सख्खे भाऊ!”

मग तिने कोडं स्वतःशी दोनदा पुटपुटलं. एकदम उठली आणि डार्करूममध्ये शिरली. आम्ही मागोमाग. लाल दिव्यात तिने काकांचा तरुणपणीचा एक फोटो कोऱ्या कागदावर पालथा घातला, वर काच दाबली, क्षणभर उजेड दिला. कागद त्या काळं करणाऱ्या पाण्यात सोडला. चेहरा उमटला तो काळाकुट्ट, केस पांढरेफेक.

“हा खोटा भाऊ.”

तोच कागद पक्का करून, धुऊन तिने दुसऱ्या कागदावर पालथा घातला. पुन्हा काच, पुन्हा उजेड. या वेळी गोरा चेहरा, काळे केस.

“उलट्याचं उलटं सुलटं,” ती सावकाश म्हणाली. “मी विचारीन, ‘गावची वाट कुठली असं तुला विचारलं असतं, तर तू कुठली दाखवली असतीस?’”

“काकू, उत्तर वेगळं आहे,” मी पुटपुटलो. “एकाला दुसऱ्या भावाचं उत्तर विचारायचं आणि बरोबर उलट्या वाटेने जायचं.”

तिचा चेहरा उतरला. ती यंत्राचा दिवा काढू लागली.

मी मात्र तिचा प्रश्न बोटांवर घोळवत होतो. खरा तर गावचीच दाखवेल. आणि खोटा? विचारलं असतं तर त्याने जंगलाची दाखवली असती. आता त्याबद्दलही खोटं बोलायचं, म्हणजे...

“गावची!” मी ओरडलो. “काकू, राहू दे तो दिवा! दोघेही गावचीच दाखवतील! तुझ्या प्रश्नाला दुसरा भाऊ लागतच नाही!”

माझे हात आपोआप जोडले गेले. देवाने तिचे शब्द नेले होते, पण शब्द ज्या उजेडात सापडतात तो उजेड तिच्यापाशीच ठेवला होता. इतकी वर्षं ते कोडं मी सांगत आलो, पण असा प्रश्न कधी सुचला नाही.

बाहेर बेल वाजली. काका डार्करूमच्या दाराकडे वळले.

“उघडू नका! कागद अजून पक्का झालेला नाही, उजेडाने काळा पडेल,” काकू म्हणाली. “थांबू दे त्याला.”

“आणि मग?”

“मग चहा द्या, आणि रिकाम्या हाताने पाठवा.”