शिडी कुणाकडे आहे?

ज्या वर्षी मिस्त्रींच्या बहिणीचे लग्न झाले त्याच वर्षी, लग्नाच्या चार दिवस आधी, माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मला नऊ पायऱ्या आहेत. त्यांतली सातवी हलते. ती का हलते, ते पुढे सांगेन.

मिस्त्री म्हणजे आमच्या गल्लीतले सुतार. बहिणीला ते धाकटी म्हणत, म्हणून मीही तिला धाकटीच म्हणते. तिचे सासर गल्लीच्याच दुसऱ्या टोकाला होते. दोन्ही घरांवर दिव्यांच्या माळा लावायच्या होत्या आणि त्यासाठी शिडी हवी होती. मिस्त्रींना हे महिनाभर आधी सांगून ठेवले होते. पण आमच्या गल्लीत कुठलेही काम सांगितले की पहिले उत्तर येते, "होईल निवांत." तेव्हा मी चार दिवस आधी तयार झाले, ही घाईच म्हणायची. एका दरवाजाच्या चौकटीतून उरलेल्या सागवानाच्या माझ्या दोन बाजू आणि बाभळीच्या पायऱ्या. शेवटची पायरी ठोकून झाल्यावर मिस्त्रींनी हाक मारली.

"धाकटे, चढ बघू."

"मी का? तूच चढ की दादा."

"तुझा भार पेलला तर गल्लीत कुणाचाही पेलेल."

धाकटीने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि ती चढली. तिसऱ्या पायरीवर थांबून तिने खाली पाहिले. "दादा, सोडू नकोस हं."

"धरलंय," मिस्त्री म्हणाले.

माझ्यावर चढलेले पहिले माणूस ते.

आमची गल्ली शहराच्या ऐन मध्यावर आहे. तोंडाशी मोठा रस्ता आहे, तिथे दिवसभर भोंगे वाजतात. पण गल्लीचे वळण इतके अरुंद, की मोटार आत येत नाही आणि घाईही येत नाही. आरशावरचे ऊन सरकले की न्हावी दुकान उघडतो. घड्याळजीच्या भिंतीवर अकरा घड्याळे आहेत आणि अकरांची वेळ वेगवेगळी. ज्याला जी सोयीची ती तो धरून चालतो. कुणी उशिरा आले तर कारण विचारत नाहीत. लवकर आले तर मात्र, "घरी सगळं ठीक आहे ना?" असे विचारतात.

माळा उतरवल्यावर मला मिस्त्रींकडे परत पोहोचवायचे राहूनच गेले. आठवड्याने रंगाऱ्याला माझी गरज पडली, तो धाकटीच्या सासरी येऊन मला घेऊन गेला. त्याच्याकडून मास्तरांनी नेले. असे होता होता रीतच पडली. शिडी कुणी परत करायची नाही. ज्याला हवी त्याने येऊन न्यावी. मी कुठे आहे हे ठाऊक नसले की माणूस गल्लीच्या मधोमध उभा राहायचा आणि मोठ्याने विचारायचा, "शिडी कुणाकडे आहे?" कुठल्या तरी खिडकीतून उत्तर यायचे, "इकडे! या, बसा आधी." मग बसणे व्हायचे, चहा व्हायचा, आणि कधीकधी माणूस मला न घेताच घरी जायचा.

किती वर्षे अशी गेली! गल्लीतले एकही घर असे नाही, जे मी आतून पाहिले नाही. कपाटांवर काय काय लपवलेले असते ते मला विचारा. शिंपीदादा दुसऱ्या पायरीवर डोळे मिटून घेत आणि बायकोला दिवा बदलायला सांगत. माझ्या अंगावर रंगाचे थेंब आहेत. हिरवा दवाखान्याच्या खिडकीचा, निळा शाळेच्या फाटकाचा. सगळे म्हणायचे, "मिस्त्रींचा हात आहे, शिडी शंभर वर्षं जाईल." मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखे करीत आणि मग दिवसभर शीळ घालीत.

त्यांचे स्वतःचे लग्न "करू निवांत" म्हणता म्हणता झाले नाही ते नाहीच. त्यांची म्हणून जी माणसे होती ती सगळी धाकटीच्या घरात. रोज संध्याकाळी ते तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसत.

मग तो पाळणा आला.

धाकटीला पहिले नातवंड होणार म्हणून मिस्त्रींनी पाळणा करायला घेतला. मनासारखे लाकूड मिळायला दोन महिने गेले. कठड्याचे दांडे घडवायला चार. नातू जन्मला. मिस्त्री म्हणाले, "आणतोच." नातू पालथा पडला, बसू लागला, रांगू लागला. शेवटी एकदाचे मिस्त्री पाळणा खांद्यावर घेऊन आले. मी त्या दिवशी धाकटीच्या दर्शनी भिंतीला टेकलेली होते, रंगारी वर खिडकी रंगवत होता. मिस्त्रींनी कडी वाजवली, आणि दारात कोण आले? नातूच. चालत.

मागून धाकटी आली. तिने पाळण्याकडे पाहिले, पोराकडे पाहिले. "दादा, आता यात मी काय कांदे ठेवू?"

रंगारी इतका हसला की मी थरथरले. न्हावी हसला, घड्याळजी हसला, सगळी गल्ली हसली. धाकटीला वाटले, दादाही हसेल. पण मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी पाळणा उचलला, रंगाऱ्याला म्हणाले, "उतर," आणि मलाही सोबत नेले. घरी त्यांनी तो पाळणा माळ्यावर चढवला. पाय इतके आपटत चढले, की माझी सातवी पायरी खिळखिळी झाली. आयुष्यभर त्यांनी लाकडावर कधी पाय आपटला नव्हता.

तेव्हापासून भावाबहिणीचा अबोला. सुरुवातीला कुणाला त्याची काळजी वाटली नाही. "बोलतील निवांत," गल्ली म्हणाली. एक वर्ष गेले, दुसरे गेले. निवांतपणाचे असे असते, मित्रांनो. तो कामाला फार बरा. रुसव्याला बरा नाही.

तिसऱ्या वर्षी रंगाऱ्याने मला धाकटीच्या मागच्या अंगणात काम होते म्हणून नेले आणि काम संपल्यावर रीतीप्रमाणे तिथेच ठेवले. पुढच्याच महिन्यात त्याने पत्र्याची, घडीची चकचकीत शिडी विकत घेतली. मग मास्तरांनी घेतली, शिंप्याने घेतली. हाक बंद झाली. गल्लीत आता एकच माणूस उरले ज्याच्याकडे दुसरी शिडी नव्हती. ते म्हणजे मिस्त्री. रंगाऱ्याने आपली देऊ केली तेव्हा म्हणाले म्हणे, "पत्र्यावर चढायला मी काय मांजर आहे?"

आणि त्यांना मी हवी असेन तर यावे लागणार होते धाकटीच्या दारात.

ते आले नाहीत. मी चार वर्षे अंगणातल्या भिंतीला टेकून उभी होते. एकदा सुनेने माझ्यावर ओली चादर वाळत टाकली, तर धाकटी कडाडली, "काढ ती आधी! दादाची शिडी आहे, दोरी नव्हे!"

"मग नेऊन देऊ का मी मामांकडे?" सून म्हणाली. "दीडशे पावलंसुद्धा नाहीत."

"ज्याला हवी तो येतो. रीत आहे आपली."

पण सून कामावर गेली की धाकटी वाटीत जवसाचे तेल आणायची आणि चिंधीने माझ्या एकेका पायरीला लावायची. तिसऱ्या पायरीवर तिचा हात रेंगाळायचा. दारावर टकटक झाली की ती चिंधी तशीच टाकून पुढे धावायची. दूधवाला असायचा, नाहीतर शेजारीण. परत येऊन उरलेले तेल लावायची, तेव्हा हात जड झालेला असायचा. मित्रांनो, वाट पाहणे मला तिने शिकवले.

सातव्या वर्षी सुनेला पुन्हा दिवस गेले. एका संध्याकाळी ती अंगणात येऊन म्हणाली, "आई, मी आत्ता मामांकडे जाऊन आले."

धाकटी तेल लावीत होती. तिने चिंधी पदराखाली घेतली. "बरं मग?"

"म्हटलं, मामा, पाळणा द्या. म्हणाले, वर आहे. म्हटलं, मग काढा. म्हणाले, शिडी नाही. म्हटलं, आमच्याकडे आहे. म्हणाले, माहीत आहे." सून दम घ्यायला थांबली. "आई, मामा फार थकलेत. रंधा मारताना दोनदा खाली बसले."

धाकटीने तेलाची वाटी उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तिने पुढचे दार सताड उघडे ठेवले. त्या दिवशी कुणी आले नाही, त्यानंतरही नाही. पाचव्या दिवशी बाहेरून ओळखीचा खोकला ऐकू आला.

"शिडी आहे का?"

"आहे."

"नेतो."

"ने."

सहा वर्षांनंतरचे पहिले बोलणे ते एवढेच. मिस्त्री अंगणात आले. माझ्यावरून हात फिरवला, बोटे नाकाशी नेली. "तेल कुणी लावलं?"

"पावसानं," धाकटी म्हणाली.

त्यांनी मला उचलू पाहिले, पण खांदा वर जाईना. ज्या हातांनी मला घडवले ते हात माझा भार पेलेनात. धाकटी पुढे झाली आणि तिने माझे दुसरे टोक धरले. "चल. तू पुढे हो, मी मागे."

दीडशे पावलेही नसलेल्या त्या वाटेला आम्हाला दोन तास लागले. न्हाव्याने वस्तरा हातात घेऊनच बाहेर येऊन दोघांना बसवले. घड्याळजीच्या अकरा घड्याळांनी अकरा वेळा पाहिले. रंगारी ओरडला, "वरात कुणाची?" मिस्त्री म्हणाले, "तुझ्या पत्र्याच्या शिडीसाठी स्थळ बघायला निघालोय." गल्ली पुन्हा एकदा हसली. या वेळी मिस्त्रीही हसले.

त्यांच्या घरी मला माळ्याला लावले. मिस्त्रींनी पाय पहिल्या पायरीवर ठेवला, तर धाकटीने त्यांना बाजूला सारले. "सर. मी चढते."

"या वयात? आता भार वाढलाय तुझा."

"तूच म्हणाला होतास ना, माझा पेलला तर कुणाचाही पेलेल?" ती चढली. तिसऱ्या पायरीवर थांबली. "दादा, सोडू नकोस हं."

"धरलंय. सातवी जपून, हलते ती. करतो दुरुस्त निवांत."

माळ्यावर पाळणा जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. चादर सोडून धाकटी दांड्यांवरून हात फिरवीत राहिली. खालून मिस्त्रींनी विचारले, "मग? कांदे कुठं ठेवशील आता?"

धाकटी वरच हसू लागली. हसता हसता रडू लागली, आणि मला तिचा सगळा भार पायऱ्यांवर जाणवला. खाली मिस्त्रींनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. तो दिवस मला पुन्हा हवा आहे, मित्रांनो. दुसरे मला काही नको.

पाळणा या वेळी बाळाच्या आधी घरी पोहोचला. नात झाली, ती त्यात झोपली. मी मात्र मिस्त्रींच्या कामाच्या खोलीतच राहिले, कारण मला न्यायला आता कुणी येत नाही. खोलीची किल्ली धाकटीकडे असते. महिन्यातून एकदा ती तेलाची वाटी घेऊन येते. आत येण्याआधी दारात क्षणभर उभी राहते आणि रिकाम्या खोलीला विचारते, "शिडी आहे का?" मला बोलता आले असते तर मी म्हटले असते, आहे. ये, बस आधी.

माझी सातवी पायरी अजून हलते. ती तशीच राहू द्या. पण तुमच्या घरी एखादी जुनी शिडी असेल, तर तिला पावसात टाकू नका, वर्षातून एकदा तेल द्या. आणि कुणाशी अबोला असेल, तर त्याच्याकडून काही मागून आणायचे आहे असे सांगून का होईना, जा. तो येईल याची वाट पाहू नका. रीत काहीही असो.

मिस्त्री गेले ते नात दीड महिन्याची असताना, शनिवारी दुपारी, रंध्याजवळ बसल्या बसल्या. त्यांचे वय तेव्हा बहात्तर होते.