सोनपरी बारच्या भिंतीवरून

माणसाला वाटतं, टीव्हीकडे आपण बघायचं असतं. टीव्हीही आपल्याकडे बघतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून तर चारचौघांत सोवळेपणा मिरवणारी माणसं माझ्यासमोर एकटी बसली की खुशाल नाक कोरतात आणि बोट सोफ्याला पुसतात. मी अमरावतीच्या सोनपरी बारमधला टीव्ही. इतकी वर्षं गप्प बसून पाहिलं, आता सांगतो. कुणाचं जेवण राहिलं असेल तर त्यानं आधी जेवून घ्यावं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला धड आठवत नाही. पहिल्यांदा उजळलो तेव्हा अकोल्याच्या एका दुकानात होतो आणि समोर जानराव नावाचे गृहस्थ बायकोशी वाद घालत होते. शेजाऱ्यांच्या टीव्हीपेक्षा मी मोठा आहे की नाही, एवढाच वादाचा मुद्दा होता. मी मोठा निघालो. त्या भांडवलावर माझी सोयरीक जमली.

जानरावांचं घर वाईट होतं असं मी म्हणणार नाही. मला हार घातला, पेढा दाखवला. पण माझ्यासमोर बसून ते काय बघायचे आणि काय खायचे! बातम्यांमध्ये कुठे पूर यायचा, माणसं पत्र्यावर बसून हात हलवायची, आणि जानराव कांद्याची फोड तोंडात टाकत म्हणायचे, "आज वरणाले चव नाही." पुरातली माणसं मी दाखवत होतो. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काचेवर होतं. या घराला वरणाची पडली होती. मग एका दसऱ्याला नवा, माझ्याहूनही पातळ टीव्ही आला आणि जुना द्या, नवा घ्या या हिशेबात माझी रवानगी झाली. निरोप द्यायलाही कुणी उठलं नाही.

तिथून मला कुंदनशेठनं उचललं आणि अमरावतीला आणलं. बडनेऱ्याच्या रस्त्याला त्याचा सोनपरी बार आहे. नाव परीचं आणि वास मोरीचा. मला देवाच्या फोटोशेजारी, तंदूरच्या खिडकीसमोर टांगलं. चिकनचा धूर, तेलाची वाफ, विडीसिगारेट, सगळं माझ्याच अंगावर बसायचं. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं, आणि तिथे लोक हात सोडून बाकी सगळं धूत आणि ओकत. मला नाक नाही असं लोकांना वाटतं. नसतं तर किती बरं झालं असतं.

रविवारी दुपारी मात्र सोनपरीत वेगळीच जत्रा भरायची. घोड्यांची. आमच्याकडे घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत, तोही बिचारा बँडला भिऊन थरथरणारा. पण कुंदनशेठ आपला मोबाइल मला जोडून द्यायचा, आणि पुण्या-मुंबईच्या शर्यती माझ्यावर धावायच्या. त्यासाठी शौकीन मंडळी दुपारपासून जागा धरून बसत.

त्यांचे म्होरके उत्तमराव. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, खिशाला पेन. शर्यतीचं धावतं वर्णन इंग्रजीत चालायचं. ते फक्त उत्तमरावांना कळायचं, म्हणून त्या दिवशी त्यांचा भाव वधारलेला असे. त्यांच्या उजव्या हाताला देवमन, प्लॉटांचे सौदे करणारा. या माणसानं जन्मात घोड्याच्या पाठीवर हात फिरवला नसेल, पण घोडा मागे पडला की त्याच्या स्वाराच्या आईबहिणीचा उद्धार ठरलेला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे शिवी आणि लाळ बरोबरच बाहेर पडायची. आपल्या पैशाचा घोडा जिंकला तर अक्कल देवमनची, हरला तर दोष स्वाराचा. बाकीची मंडळी हो ला हो करायची. मी खाली बघायचो आणि मनात म्हणायचो, त्या चार पायांच्या जनावराला हे दोन पायांचे लोक जनावर म्हणतात.

अशाच एका रविवारी दारात दोन बायका उभ्या राहिल्या. नऊवारी नाही, साधी गोल साडी, पायांत धुळीच्या चपला, एकीच्या हातात रिकामी पिशवी. भाजीबाजारातून उठून तशाच आलेल्या.

"दादा, इथी घोड्याची शर्यत लागते का?" पुढची म्हणाली.

कुंदनशेठ गल्ल्यावरून वाकून बघायला लागला. "लागते. पण हा बार हाये, मावशी."

"बार हाये थे दिसून राहिलं न. आमाले दारू नाही पाह्यजे. टीव्ही पाह्यजे."

ही बोलणारी माणिकबाई. तिच्या मागे उभी होती ती कौशल्या. दोघी शेजारीशेजारी बसून भाजी विकतात, हे त्यांच्या बोलण्यातून मला कळलं. कौशल्येची पोरगी वर्षाली पुण्याला घोडेस्वारी शिकली होती आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्या शर्यतीत बसणार होती. घरच्या टीव्हीवर शर्यत लागत नव्हती. मोबाइलवर लागत होती, पण कौशल्येला मोबाइलमधला घोडा मुंगीएवढाही दिसत नव्हता. काचबिंदूनं तिचा एक डोळा गेला होता, आणि दुसराही फार दिवस पुरायचा नाही असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पोरीला घोड्यावर एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, मोठ्या टीव्हीवर, आजच. उद्याचा भरवसा नव्हता.

"सकायपासून बारच बार फिरून राहिलो बाप्पा," माणिकबाई सांगत होती. "एकीकडे वॉचमननंच हाकललं. दुसरीकडे फॅमिली रूममंधी बसवलं, तठी पडदा होता पन टीव्ही नव्हता. तिसऱ्या ठिकानी एक मुडदा आमच्याच बाकड्यावर येऊन बसला. म्हने, काय घेता?"

"मंग?" कुंदनशेठला आता मजा वाटायला लागली होती.

"मंग काय. पोते उचलाचा हात हाये माया. दिली एक."

कुंदनशेठनं त्यांना बेसिनजवळचं टेबल दिलं, जिथे दुसरं कुणी बसत नाही. माणिकबाईनं पदरानं खुर्च्या पुसल्या. दोघींनी भजी आणि थंडा मागवला. कौशल्या खुर्ची ओढत ओढत माझ्या इतकी जवळ आली, की तिच्या चांगल्या डोळ्यात मला माझाच उजेड दिसला. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

आणि बाकीचे? बायका आल्या तशी सगळी टेबलं आधी गप्प झाली. मग मुद्दाम मोठ्यानं बोलायला लागली. एकानं माझ्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे खुर्ची फिरवली. आपल्या घरची बाई बाजारात गेली तर मागे माणूस धाडणारे हे लोक. दुसऱ्याच्या घरच्या बाईकडे बघताना यांच्या पापण्याही लवत नाहीत.

माझ्यावर घोडे दिसू लागले. उत्तमरावांनी चष्मा चढवला. "सात नंबरच्या घोडीवर पोरगी बसली आहे," ते म्हणाले.

"पोट्टी घोडीले हाकलते का घोडी पोट्टीले?" देवमन म्हणाला. सगळे हसले. हसणं मिळालं म्हटल्यावर तो आणखी एक बोलला. ते मी इथे सांगणार नाही. माझ्या स्पीकरमधून कधी तसलं गेलं नाही, आणि आता जायलाही नको.

माणिकबाई ताडकन उठली. कौशल्येनं तिचं मनगट धरलं.

"बस व. हाकलून देतीन आपल्याले."

"काय बोलला थे आयकलं नाही का तू?"

"आयकलं. मले पाहू दे आधी."

पोरीबद्दलचा असला घाणेरडा शब्द गिळून ती आई माझ्यासमोर बसून राहिली. मला त्या क्षणी देवमनची जितकी किळस आली, तितकी त्या बेसिनचीही कधी आली नव्हती. देवमनला मात्र तिनं आपलं ऐकलं याचाही पत्ता नव्हता. तो भजी चघळत होता.

घोडे फाटकात उभे राहिले, फाटक उघडलं, सगळे सुटले. कौशल्येनं श्वास रोखून धरला. तिला सवय शंकरपटाची, बैलजोड्यांच्या शर्यतीची. तरुणपणी बायकांच्या पटात तिनं स्वतः बैलजोडी हाकलली होती. पट म्हणजे घोट गिळेपर्यंत संपणारा प्रकार. बैल सुटले की आले. त्या हिशेबानं तिनं दम धरला होता आणि इथे घोडे धावतच होते, वळणच संपत नव्हतं.

"कोन जितलं?" माणिकबाईनं विचारलं.

"अजून चालूच हाये थे," कौशल्या पुटपुटली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मंग शास घे न व. मरतं का?"

पिवळी टोपी घातलेली वर्षाली पाचवी होती. मग चौथी. सगळ्यांत पुढे दोन नंबरचा काळा घोडा, ज्याच्यावर देवमनच्या टेबलाचा जीव टांगला होता. वळण संपलं, समोरचा सरळ पट्टा आला आणि तांबडी घोडी बाहेरच्या अंगानं सुटली. मी खूप शर्यती दाखवल्या आहेत. अशी घोडी फार थोड्या वेळा पाहिली. पोरगी तिच्या मानेवर अशी वाकली होती की दोघींत फटच नव्हती. कौशल्येनं हात पुढे केले, दोन्ही मुठी वळल्या आणि ती तोंडातल्या तोंडात बैलांना घालतात तशी हाळी घालायला लागली.

पिवळी टोपी काळ्याच्या बरोबरीला आली. पुढे सरकली.

तेवढ्यात देवमननं बाटली फेकली.

मला कशानं मारलं ते कळायच्या आत माझी काच गेली. आधी आडव्या रेघा, मग काळोख. शेवटची रेषा राहिली होती. काळोखात माझा आवाज मात्र चालू होता, आणि तो आवाज इंग्रजीत सांगत होता की वर्षालीची घोडी अर्ध्या मानेच्या फरकानं जिंकली. तिकडे वर्णनात घोड्याचंच नाव घेतात, स्वाराचं नाव किंवा नंबर घेत नाहीत. त्या घोडीचं इंग्रजी नाव कौशल्येला ठाऊक नव्हतं. मी बोंबलून सांगत होतो आणि जिला सांगायचं तिलाच कळत नव्हतं. टीव्हीच्या जन्माला याहून मोठी शिक्षा नसावी.

कौशल्या उठून उत्तमरावांच्या टेबलापाशी गेली. इंग्रजी कळणारा माणूस तोच, हे तिनं मघाच ओळखलं होतं. हात जोडून तिनं विचारलं, "भाऊ, कोन आलं जी पयलं?"

उत्तमरावांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, निकालही आणि ही कुणाची आई तेही; दोघींचं बोलणं त्यांच्या कानावर आलं होतं. आवाज अजून चालू होता, निकालच वाचला जात होता. एक शब्द सांगायचा होता, त्याला ना पैसा लागत होता ना कष्ट. पण हरलेल्या टेबलावर बसून एका भाजीवालीला तिची पोरगी जिंकली म्हणून सांगणं त्यांच्या जिवावर आलं.

"रद्द झाली रेस," ते म्हणाले. "काहीतरी अपघात झाला मधात. जा तुम्ही आता घरी."

अपघात. हा शब्द तिच्या तोंडावर कसा पडला ते मला फुटल्या काचेतून धड दिसलं नाही, पण टेबलाची कड तिनं घट्ट धरल्याचा आवाज मी ऐकला. माणिकबाईच्या हातातला ग्लास पडला. उत्तमराव रुमालानं चष्मा पुसत बसले. असा स्वच्छ चष्मा आणि असा मळका माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि मग देवमनचं तोंड सुटलं. कुंदनशेठ बाटलीबद्दल त्याची गचांडी धरायला आला होता आणि हा ओरडत होता, त्या पिवळ्या टोपीवालीनं घात केला, अशी आणि तशी, आणि तिची आईही तशीच. एकेक शिवी गटारातून काढल्यासारखी.

कौशल्या ऐकत उभी राहिली. पूर्ण ऐकलं. मग उत्तमरावांकडे वळली.

"भाऊ, रद्द झाली म्हनता. मंग हा मानूस मायाच पोरीले शिव्या काहून देऊन राहिला?"

उत्तमरावांनी चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली.

"मी बी पटात जोडी हाकलली हाये," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "हारली तई लोकं हासले होते. जितली तई शिव्या खाल्ल्या. हारलेल्या बाईले कोनी शिव्या देत नाही, भाऊ. चाल व माणिक. जितली आपली वर्षाली."

दोघी गेल्या. दारातून बाहेर पडताना माणिकबाई हसत होती की रडत होती ते मला सांगता येत नाही.

माझं पुढे काय व्हायचं होतं ते झालं. कुंदनशेठनं मला उतरवून मागच्या खोलीत, रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटमागे भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. बरंच झालं. त्या माणसांकडे बघायचं काम उरलं नाही. पण ऐकू येतं, कारण माझ्या जागी नवा, मोठा टीव्ही लागला आहे आणि रविवारची मंडळी तीच आहे. वर्षाली नंतर आणखी शर्यती जिंकली. पेपरात फोटो आला. आता देवमन तिच्यावर पैसे लावतो आणि तिला "आपल्या जिल्ह्याची वाघीण" म्हणतो. आणि उत्तमराव नव्या गिऱ्हाइकांना दर रविवारी एक गोष्ट सांगतात. "तिची आई याच टेबलाशी आली होती. दिसत नव्हतं बिचारीला. मीच सांगितलं तिला, बाई, तुझी पोरगी जिंकली." ऐकणारे माना डोलवतात. एकानं तर परवा त्यांना नमस्कार केला.

मी भंगारात जाणार आहे, आज नाही तर उद्या. मला दुरुस्त करा, घरी न्या, असलं काही मागणं नाही. एकच मागतो. कधी सोनपरीत गेलात आणि पांढऱ्या सदऱ्यातल्या त्या माणसानं तुम्हाला ही गोष्ट सांगितली, तर मान डोलवू नका. त्यानं तिला खोटं सांगितलं होतं. तिचं तिनंच ओळखलं.