अर्ध्या प्याल्याचा मान

मित्रांनो, मी एक जुना मातीचा तलाव आहे. खरा तलाव वर डोंगरात. मी त्याची प्रतिकृती, धरणाच्या कचेरीतल्या मेजावरची. कुंभारानं माझ्या भिंतीला इवलं दारही ठेवलं.

दर शरदात वरच्या आणि खालच्या गावची वडीलधारी मंडळी माझ्याभोवती जमत. किटलीनं माझ्यात पाणी ओतत, दार उघडून बघत: हिवाळ्यात विजेसाठी एवढं सोडलं, तर उन्हाळ्यात कापसाला किती उरेल? मग हात पसरून दुआ मागत. तो सूर ऐकताना मी धन्य होई.

पुढे संगणक आला आणि माझ्या पोटात मत्सराचा निखारा पडला. कचेरीतली तरुण अभियंती सैकाल त्यालाच बर्फाचे आकडे भरवी. त्याच्यावर रेशमी झाकण, माझ्यावर धूळ!

यंदा बर्फ कमी पडलं. संगणक म्हणाला, हिवाळ्यात निम्मंच पाणी सोडा. वरच्या गावच्या उमसुनाय आपा उसळल्या, "माझी सून ऐन थंडीत बाळंत होणार, वीज नसली तर घर कशानं तापवू? या डबड्याला कधी थंडी वाजली आहे का?"

खालच्या गावचे पाणीवाटपी एर्गाश अका फिस्कारले, "मग उन्हाळ्यात माझा कापूस तुमच्या थुंकीवर पिकवू का, आपा?"

सैकालनं माझी धूळ पुसली. यंदाच्या मापानं पाणी ओतलं, दार उघडून त्याखाली प्याला काठोकाठ भरला आणि तो आपांपुढे ठेवला. सगळे थिजले. आमच्याकडे पाहुण्याला भरला प्याला देणं म्हणजे 'प्या आणि निघा'!

"मला हाकलतेस होय गं?"

"आपा, तुम्ही मागताय तो हाच प्याला. बघा, तलावात काही उरलंय?"

माझा तळ उघडा पडला होता. तिनं पाणी परत ओतून प्याला अर्धाच भरला. मानाचा.

"अर्धा देणारा यजमान पुन्हा भरायला बसून राहतो," आपा म्हणाल्या. "माझा उरलेला अर्धा कोण भरणार?"

सगळ्यांच्या नजरा एर्गाश अकांकडे वळल्या. त्यांनी दाढी कुरवाळली. "आम्ही. कोळशाच्या गाड्या पाठवतो. पहिली तुमच्या सुनेच्या दारात."

गाड्या आल्या. नात उबेत जन्मली. आपा गरम बोरसोक, तळलेल्या कणकेचे फुगलेले तुकडे, घेऊन कचेरीत आल्या आणि दुआ दिली कुणाला? संगणकाला! आकडा त्याचा होता खरा, पण पाणी तर माझं होतं ना?

मित्रांनो, माझा स्वभाव काही जात नाही. तुम्ही मात्र आपल्या वाट्याचं पाणी घेताना शेजारच्या चुलीकडे एकदा बघत जा. आणि जमलं तर ओल्या फडक्यानं मला पुसून ठेवा. बर्फ पुढल्या वर्षीही कमी पडू शकतं.