तीन नंबरचं उत्तर

घरात सगळे त्याला 'सर्वज्ञ' म्हणत आणि इतकी वर्षं त्याला ते कौतुकच वाटत आलं होतं. कारखान्यांतली यंत्रं एका तारेवरून एकमेकांशी नीट बोलतात की नाही हे बघायचं, हा त्याचा धंदा. तेव्हा ताईच्या उबवणी केंद्रातलं तीन नंबरचं यंत्र भलतंच वागायला लागल्यावर तिने दुसऱ्या कुणाला कशाला फोन केला असता?

पिल्लं आज-उद्या बाहेर पडायची होती. सगळी यंत्रं सांभाळणाऱ्या पडद्यावर तीन नंबरचं तापमान मध्येच सदतीस दिसे, मध्येच चोवीस. चोवीस दिसलं की पडद्याला वाटे अंडी गारठली, आणि तो हीटर पेटवून देई. शेवटी ताईने हीटर हाताने चालू-बंद करायला घेतला होता आणि सकाळपासून ती थर्मामीटरपासून हलली नव्हती. ही खेप हातची गेली तर केंद्राला कुलूपच लागणार होतं.

सर्वज्ञांनी बाह्या सरसावल्या. आधी व्याख्यान झालं: तार सगळ्यांना एकच, म्हणून प्रत्येकाला आपापला नंबर, पडदा नंबर पुकारतो, ज्याचा नंबर त्यानेच बोलायचं. मग त्याने तार बदलली, जोड घासले, वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फरक शून्य. शेवटी एकेक यंत्र तारेवरून सुटं करत गेला. सगळ्यांत शेवटी खुद्द तीन नंबर सोडवला, तरी पडद्यावर तीन नंबरचं ठणठणीत उत्तर आलं, चोवीस.

इतकं गार त्या इमारतीत फक्त ताईचं ऑफिस होतं. तिथल्या भिंतीवर तापमान दाखवणारी डबी होती, मागच्या महिन्यात यानेच हौसेने भेट दिलेली आणि मोठ्या दिमाखात याच तारेला जोडलेली. तिचा नंबर बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी त्याने तारेवर एकेक नंबर पुकारला होता. तीनने ओ दिली नाही, म्हणून रिकामा समजून तोच डबीला देऊन टाकला होता.

"मी तीन नंबर धूत होते तेव्हा," ताई म्हणाली. "परवा अंडी त्यात हलवेपर्यंत बंदच होता तो. तुझ्या शेजारीच उभी होते रे, हातात ब्रश घेऊन. तू मला तारेबद्दल समजावत होतास."

त्याने निमूटपणे डबीचा नंबर बदलला, यंत्रं परत जोडली. पडद्यावर सदतीस आलं आणि टिकलं. पण अंड्यांच्या आत काय झालंय ते कुठलाच पडदा सांगत नव्हता. काहीतरी समजावून सांगायची उबळ आली, ती त्याने गिळली.

"ताई, जगली असतील ना?" त्याने विचारलं. तिला काही विचारायची त्याची ही पहिलीच वेळ असावी.

तिने यंत्राच्या दाराला कान लावला. त्यानेही लावला. बराच वेळ काहीच ऐकू येईना. खाली मान घालून तो उठायला लागला, तेव्हा तिने त्याची बाही धरून खाली बसवलं.

"ओ देत नाही म्हणजे नाहीच, असं पुन्हा धरून चाललास ना," ती म्हणाली. "बस जरा."

तो बसला, आणि थोड्या वेळाने आतून बारीक टकटक ऐकू आली.