तिवाट्यावरची रिकामी बाटली

मी बोलतेय. अहो, इकडंतिकडं काय बघता? कपाटात बघा, खालच्या फळीवर. पांढरी, बुटकी, लाल झाकणाची. औषधाची रिकामी बाटली आहे मी. रिकामी म्हटलं की लोक तोंड फिरवतात, पण माझ्या एवढ्याशा आयुष्यात मी जे धक्के खाल्ले ते ऐकलेत तर तुम्हीही आ वासून बसाल.

माझा जन्म कारखान्यातला. तिथली माणसं डोक्याला टोप्या, हाताला मोजे घालून वावरायची. धुळीचा कण दिसला तरी केवढा आरडाओरडा! पोटात गोळ्या भरल्या, झाकण दाबलं, अंगावर नाव आणि नंबर चिकटवला की आम्ही तयार. मला वाटायचं, माणूस आजारी पडतो, औषध घेतो, बरा होतो. इतकं सरळ असतं सगळं. काय ती माझी अक्कल!

पहिला धक्का बसला नाशकात, द्वारका चौकाजवळच्या औषधाच्या दुकानात. काउंटरसमोर नवनाथ उभा होता. कळवणकडच्या एका पाड्यावरचा, काळीपिवळी जीप चालवणारा गडी. त्याच्या बायकोला, रोहिणीला, रक्ताचा कॅन्सर झालेला. रोज एक गोळी घ्यायची, एकही चुकवायची नाही, नाहीतर दबलेलं दुखणं पुन्हा उसळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुकानदारानं माझी किंमत सांगितली आणि देवाशप्पथ, मीच हादरले! नवनाथ दोन महिने जीप पळवून मिळवतो तेवढी माझी किंमत, आणि माझ्यात गोळ्या एका महिन्याच्या! अहो, मी काय सोन्याची आहे का? साधं प्लास्टिक आहे मी. मला इतकी लाज वाटली की झाकणासकट पिशवीत तोंड लपवलं.

आधीच्या महिन्यात त्यानं माझी थोरली बहीण विकत नेली होती. तेव्हा स्टँडवरच्या जीपवाल्यांनी वर्गणी काढली होती. माझ्या वेळी नाशिक रोडच्या एका ट्रस्टनं हात दिला. पण दर महिन्याला कोण देणार? या खिडकीवरून त्या खिडकीवर, या साहेबाकडून त्या साहेबाकडं हिंडून बिचाऱ्याच्या चपला झिजल्या. शेवटी तो पोचला इस्पितळातल्या मीना मॅडमकडं. त्या तिथल्या समाजसेविका. बोलणं तडकाफडकी, पण मनानं लोणी.

"दादा, औषध कंपनीची एक योजना आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन बाटल्या तुम्ही घ्यायच्या, पुढचं औषध कंपनी फुकट देते. मात्र रिकाम्या बाटल्या परत आणायच्या, नंबरासकट. पेशंटनं औषध खरंच घेतलं, मध्येच कुणाला विकलं नाही, ही खात्री त्यांना तशीच पटते. दोन्ही बाटल्या नसल्या तर माझे हात बांधलेले, आधीच सांगते."

"आणतो ना मॅडम! त्यात काय अवघड?" नवनाथ हसला. त्याच्या पिशवीत मीही मनात हसले. रिकामी बाटली सांभाळायला असं काय लागतं!

घरी लहान पोरांखेरीज आणखी एक माणूस होतं, नवनाथची आई झुंबरबाई. वाळलेल्या बोरासारखी म्हातारी, पण आवाज असा की डोंगरापलीकडची शेळी थबकावी. तिच्यासमोर कॅन्सर हा शब्द काढायचा नाही, असा नवनाथचा दंडक होता. म्हातारी धसका घेईल म्हणून तिला एवढंच सांगितलं होतं की रोहिणीचं रक्त कमी झालंय. आता दुखणंच सांगितलं नाही, तर बाटल्यांची गोष्ट कुठून सांगणार? तीही राहून गेली.

झुंबरबाईचा सुनेवर भारी जीव. रोज सकाळी तिला नागलीची भाकरी खाऊ घालायची आणि मग हातावर गोळी ठेवायची. "गिळ गं बये! तोंड वाकडं करतीस जशी काय मी कारलं चारतेय."

"आत्या, तुम्ही घेऊन बघा एक," रोहिणी सासूला म्हणायची, आणि दोघी हसत सुटायच्या. गोळ्या पोटात जात होत्या तशी पोरीच्या चेहऱ्यावर तरतरी येत होती. पाण्याचा हंडा पुन्हा उचलायला लागली. मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू! इतकी महाग असून निदान कामाला तरी येत होते.

माझी शेवटची गोळी संपली त्या दिवशी नेमकी अमावास्या होती. रोहिणीनं मला कोनाड्यात थोरल्या बहिणीशेजारी ठेवलं. सकाळी नवनाथ आम्हाला नाशकाला नेणार होता. दिवेलागणीला रोहिणी जरा आडवी झाली, तिचा डोळा लागला. नवनाथ जीप घेऊन गेलेला. झुंबरबाईनं कोनाड्यात पाहिलं. दोन्ही बाटल्या रिकाम्या! तिच्या लेखी औषध संपलं म्हणजे दुखणं संपलं. आणि त्या पाड्यावरची रीत अशी की संपलेल्या दुखण्याची वस्तू घरात ठेवायची नाही. ठेवली तर दुखणं वळून येतं. ती वस्तू आजाऱ्यावरून ओवाळायची आणि तिवाट्यावर नेऊन टाकायची.

म्हातारीनं आम्हाला भाताच्या मुदीबरोबर, लिंबासकट सुपात घेतलं, हळदकुंकू लावलं, झोपलेल्या सुनेवरून ओवाळलं आणि निघाली. वाटेत बोलायचं नाही, टाकल्यावर मागं बघायचं नाही. तीन वाटा मिळतात तिथं मातीत आम्हाला ठेवून ती हलक्या पावलांनी घरी गेली.

अगं आई गं! धुळीच्या एका कणासाठी जिथं ओरडा व्हायचा तिथली मी, आणि आता शेणामातीत! आमच्याकडं कुणी बघेना. मोबाईलवर बोलत येणारा शिकलेला मास्तरसुद्धा आम्हाला पाहून चपापला आणि बांधावरून वळसा घालून गेला. असा ओवाळून टाकलेला उतारा जो उचलतो त्याला ते दुखणं लागतं, हे तिथं तान्ह्या पोरालाही ठाऊक. सकाळी एका शेळीनं भात खाल्ला, लिंबू हुंगलं आणि माझ्या बहिणीला लाथ मारून चिखलात लोळवलं. तिच्या अंगावरचा नंबर चिखलात! माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. पुढं नवनाथ, मागं रोहिणी, त्यांच्यामागं झुंबरबाई.

"आई, बाटल्या कशाला टाकल्या? कुणी सांगितलं तुला?"

"कुणी सांगायला कशाला पायजे? सून बरी झाली, उतरून टाकलं. खबरदार हात लावलास तर! तुला लागंल ते. पोरं लहान हाईत."

"मी उचलते," रोहिणी पुढं झाली. "माझंच हाय, मला काय लागणार?"

"मग तर मुळीच नको! गेलेलं परत घरात आणतीस व्हय?" म्हातारी दोन्ही हात पसरून आमच्यासमोर उभी राहिली. रस्ता अडवला म्हणजे अडवलाच.

नवनाथचा बांध फुटला. "आई, गेलेलं नाय ते! कॅन्सर हाय तिला. रगात कमी झालंय म्हणून तुला खोटं सांगितलं. आजच्या गोळीलाबी घरात काय नाय. ह्या बाटल्या दिल्या तर औषध फुकट मिळंल, नायतर ती जगायची नाय!"

असा शब्द मी कुणाच्या तोंडावर आदळताना पहिल्यांदाच पाहिला. झुंबरबाईचे पसरलेले हात खाली आले. ती सुनेकडं बघतच राहिली. रोहिणी मान खाली घालून रडत होती.

"आन् मला सांगितलं नाय," म्हातारी एवढंच म्हणाली. तिला राग आला होता की काय, मला कळेना. मग ती खाली वाकली.  उताऱ्याला शिवायची भीती तर तिलाच सगळ्यांत जास्त हो! तरी तिनं आधी बहिणीला चिखलातून काढलं, मग मला घेतलं, आणि दोघींना आपल्या पदरात घट्ट गाठ मारून बांधलं.

"आई, अगं तुला..." नवनाथ पुढं आला.

"लागलं तर मला लागंल. हटा तिकडं. जीप काढ."

नाशिकपर्यंत तिनं पदराला कुणाला हात लावू दिला नाही. इस्पितळात मीना मॅडमनं हात पुढं केला तशी ती किंचाळली, "नको पोरी! उतारा हाय तो, फडक्यानं धर!"

मीना मॅडमनं काय केलं असेल? आम्हाला उघड्या हातांनी घेतलं, चिखल पुसला आणि नंबर वाचले. बहिणीचा पुसट झाला होता, पण वाचता आला. मग त्यांनी आम्हाला ठेवायला हे कपाट उघडलं. आत आमच्यासारख्या रिकाम्या बाटल्या गच्च भरलेल्या. झुंबरबाईचा हात तोंडावर गेला.

"ही... ही समदी दुखणी?"

"हो आजी. प्रत्येक बाटलीमागं एक माणूस."

मॅडमनं भरलेली बाटली रोहिणीच्या हातात दिली. रोहिणीनं तिथंच उभ्या उभ्या गोळी घेतली. आता म्हातारी सुनेला जवळ घेईल असं मला वाटलं. पण ती गेली मीना मॅडमकडं. त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"लेकरा, साऱ्या मुलखाची दुखणी तू उघड्या हातांनी घेतीस. तुझ्यावरून कोण गं उतरून टाकतं?"

एरवी तडकाफडकी बोलणाऱ्या मीना मॅडमनी कपाटाचं दार धरलं.  त्यांचे डोळे भरून आले होते.

आता मी इथं बसलेय. लवकरच मोजून नेतील आणि चेचून टाकतील. त्याचं मला काही वाटत नाही. जाता जाता एवढंच सांगते बाबांनो, औषध परवडत नसेल तर लाजू नका, कुठं मदत मिळते ते चार दारं ठोठावून विचारा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काळीज कमी आहे असं समजून खरं लपवू नका. मी पाहिलंय, त्यांच्यात आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त असतं.