डेमो गाडीची माळ

मित्रांनो, मी एक जुनी डेमो गाडी आहे. जुनी म्हणजे दोन पावसाळे पाहिलेली. दोन चाकांवर, विजेवर चालते, आवाज करत नाही आणि कुणावर चटकन विश्वासही ठेवत नाही. हा शेवटचा गुण मी शोरूममध्ये राहून कमावला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. ट्रकमधून नाशिकला आल्यावर माझ्या बहिणींना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवलं आणि माझ्या अंगावर 'टेस्ट राइड' असा लाल कागद चिकटवला. दिंडोरी रोडवरच्या त्या शोरूमच्या दारात माझी जागा ठरली.

येणारा प्रत्येक जण माझ्याकडे संशयाने पाही. कुणी चाकाला लाथ मारून बघे. कुणी विचारे, पावसात शॉक बसेल का? उन्हात पेट घेते म्हणतात, खरं का? मग सपाट रस्त्याने एकटेच पेट्रोल पंपापर्यंत चक्कर मारून येत आणि 'विचार करून सांगतो' म्हणून निघून जात. पुढे पुढे मलाही त्यांचा संशय येऊ लागला. एक गृहस्थ तर दर रविवारी टेस्ट राइड घेत, मला मिसळीच्या हॉटेलाबाहेर उभी करत आणि तर्री पिऊन परत आणून सोडत. गाडी काही त्यांनी घेतली नाही.

किशोर हा तिथला विक्रेता. तो माझं तोंडभरून कौतुक करी. एका चार्जिंगमध्ये मी किती धावते, हा त्याचा आकडा गिऱ्हाईक बघून वाढत जाई. ते ऐकून मला माझाच संशय येई.

यंदा नवरात्रात तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "डेमो गाडी दसऱ्यानंतर गोडाऊनला पाठवतो. सुटे भाग कामाला येतील." मला आख्खी कुणी घेत नव्हतंच, आता तुकड्यांनी वाटणार होते.

त्या शोरूमला फुलांच्या माळा देत म्हसरूळच्या विमलाबाई. त्यांचा झेंडूचा मळा. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना हँडलला घालायची माळ त्यांच्या हातची असे. दारातच उभी असल्यामुळे मला त्या माळांचं गुपित ठाऊक होतं. ताजी फुलं बाजाराला आणि न खपलेली, कालची, पाणी मारलेली फुलं शोरूमला. किशोरला ते कधी कळलं नाही. मला वासावरून कळे. म्हणून विमलाबाईंवर माझा सगळ्यांत जास्त संशय.

एके सकाळी त्या माळा देऊन परत गेल्या नाहीत. सोबत त्यांची सून वेदिका होती.

"किशोर, गाडी बघायची हाय," विमलाबाई म्हणाल्या. "टेम्पोवाला त्याच्या मर्जीनं येतो. बाजारात पोचेस्तोवर भाव उतरलेला असतो. दसऱ्याचा बाजार हुकला तर सगळा झेंडू उकिरड्यावर जाईल."

"मग ही बघा ना मावशी. वेदिकाताई पंपापर्यंत चक्कर मारून येतील."

"माझा मळा पंपावर नाय. चढावर हाय. ओझं लादून चालवू, मग बोलू."

किशोर कुरकुरला, पण आपल्या गाडीवरून मागे आला. मळ्यात विमलाबाईंनी माझ्या पाय ठेवायच्या फळीवर एक आणि मागच्या सीटवर दोन कॅरेट ठेवून ट्यूबच्या दोरीने करकचून बांधले. वर फुलांवर बादलीभर पाणीही ओतलं. ओली फुलं जड असतात, बाजाराला तशीच जातात. मला वाटलं, ही बाई मला नापास करायलाच निघाली आहे.

ओढ्यापासून रस्त्यापर्यंत कच्चा, दगडगोट्यांचा चढ. वेदिका चालवत होती. निम्म्यावर माझा वेग मंदावला, मागचं चाक खडीवर घसरलं. किशोर ढकलायला धावला.

"हात लावू नको," विमलाबाई मागून म्हणाल्या. "बाजाराला जाताना तू येणार हायेस का रोज?"

त्याने हात मागे घेतला. मी सगळा जीव एकवटला आणि वर आले. तशीच भरल्या अंगाने पंचवटीतल्या फुलबाजारापर्यंत जाऊन आले.

परतल्यावर दोघींनी स्क्रीनवर किती चार्जिंग उरलं ते पाहिलं. किशोरच्या आकड्याचं पितळ उघडं पडलं होतं.

"लय फेकतोस रे तू," विमलाबाई म्हणाल्या.

"ओझं होतं ना मावशी," किशोर ओशाळून हसला.

"आई, रोजच्या दोन खेपा होतील," वेदिका म्हणाली. "आपल्याला तेवढंच पाहिजे."

किशोर खुलला. "मग दसऱ्याला आतली नवी गाडी देतो. अगदी अशीच."

"नको. जी चढली तीच दे."

"अहो, ही डेमोची आहे. ओरखडे पडलेत. बॅटरीही नव्यासारखी राहिलेली नाही."

"बाजारात आम्ही वरची फुलं बघून माल घेत नाय. तळापर्यंत हात घालतो. हिचा तळ बघितला. आतलीचा कोण दाखवणार? आन् दसऱ्याचा मुहूर्त तुमच्या गिऱ्हाइकांना. आम्हाला आदल्या दिवशी पाहिजे."

मित्रांनो, आता मी रोज पहाटे मळ्यातून निघते. वेदिका मला सावलीत उभी करते, पार रिकामी होण्याआधी चार्जिंगला लावते आणि उंदरांनी कुरतडू नये म्हणून वायर खुंटीला टांगते. तुमच्या घरी गाडी घ्यायची ठरली, तर तिला तुमच्या रस्त्यावर, तुमच्या ओझ्यासकट चालवून बघा. संशय अवश्य घ्या, पण पुरता घ्या. तो फिटला, की मग मात्र तिला जपा.

मला ताब्यात घेतलं त्या सकाळचं सांगायचं राहिलं. दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी झेंडूला सोन्याचा भाव, बाजाराची घाई, टेम्पोतून उतरवलेले कॅरेट वेदिकाने माझ्यावर बांधलेही होते. किशोरने माझा लाल कागद खरवडून काढला आणि दारातल्या बादलीतली माळ उचलली.

"ती राहू दे," विमलाबाई म्हणाल्या.

त्यांनी बाजाराच्या कॅरेटवरचं ओलं फडकं बाजूला केलं, तिथेच पायरीवर बसून माळ ओवली आणि माझ्या हँडलला घातली. सवयीप्रमाणे मी संशयाने वास घेतला. फुलं त्याच पहाटे तोडलेली होती.